चौथ्या रिळातला जोड

देवस्थळींनी हातात पांढरे सुती मोजे चढवले तेव्हाच मला कळलं, हा माणूस फिल्ममधला जोड ओळखणार.

तोवर मी निर्धास्त होतो. पुण्याचा कुणी जुने सिनेमे जमवणारा हौशी माणूस येईल, फिल्मचे डबे मोजेल, गाडीत घालून घेऊन जाईल, असं मी धरून चाललो होतो. पण त्यांनी आमच्या टेबलावर रिळं गुंडाळायचा दोन मुठींचा रिवाइंडर बसवला, मध्ये दुधी काचेची दिव्याची पेटी ठेवली आणि खिशातून भिंग काढून रुमालानं पुसलं. मी सत्तावीस वर्षं फिरत्या तंबूत ऑपरेटर होतो. ही हत्यारं कशासाठी असतात ते मला कुणी सांगायला नको होतं.

“खिडक्या लावूया का, काका?” ते म्हणाले. “धूळ बसते फिल्मवर. पंखाही थोडा वेळ बंद करावा लागेल.”

मे महिना होता. गडहिंग्लजचं ऊन. वैजूनं उठून दोन्ही खिडक्या लावल्या, पंखा बंद केला आणि दाराला कडी घातली.

“कडी कशाला?” मी म्हणालो.

“शेजारचं मांजर येतंय, आण्णा. टेबलावर उडी मारलं तर?”

खोली माझी, घर माझं, आणि तरी मला कुणीतरी आत घालून कुलूप लावल्यासारखं झालं. याला आता पंधरा-सोळा वर्षं होऊन गेली, पण त्या खोलीतला उकाडा मला अजून आठवतो.

देवस्थळी जी पेटी न्यायला आले होते तिच्यात ‘पोहे चार बशा’ हा सिनेमा होता, चौदा डब्यांत. एक मामा भाच्यासाठी मुली बघत हिंडतो. प्रत्येक घरी पोहे खातो, प्रत्येक मुलीत काहीतरी खोट काढतो, आणि चौथ्या घरात भाचा राहतो बाजूला, मामाच अडकतो. अर्धा सिनेमा लोक हसायचे, शेवटी बायका पदर डोळ्याला लावायच्या. आमच्या तंबूनं तो प्रत्येक जत्रेत लावला. तंबू बंद झाला तेव्हा मालकांनी ही पेटी माझ्या घरी ठेवायला दिली, आणि पुढं मालकही गेले. पेटी न्यायला कुणीच आलं नाही. एवढी वर्षं ती माळ्यावर पडून होती.

देवस्थळींनी पहिला डबा उघडला. आंबट वास आला. त्यांनी नाक जवळ नेऊन हुंगलं.

“फिल्म कुजायला आत्ताशी सुरुवात आहे. अजून दोन वर्षं गेली असती तर हातात भुकटी आली असती.” त्यांचे डोळे पाणावले होते. “काका, तुम्हाला कल्पना नाही. मूळ निगेटिव्ह पाण्यात गेली, कंपनी बुडाली. माझ्याकडं याच्या गाण्यांची चोपडी आहे, दोन पोस्टरं आहेत, थिएटरच्या बाहेर लावायचे नऊ फोटो आहेत. फक्त सिनेमा नाही. अकरा वर्षं शोधतोय. आमची ही म्हणते, ‘पोरीसाठी एवढी स्थळं बघितली असतीत तर ती केव्हाच उजवली असती.’”

वैजू हसली. मीही हसलो असेन.

“चौथ्या रिळात एक तुकडा जळालाय,” मी म्हणालो. “फोनवर सांगितलंच होतं तुम्हाला. बाकी सगळं धड आहे. तेवढं बघत बसायची गरज नाही. उन्हाचं कशाला थांबताय?”

“छे, छे. मी फूट-फूट बघूनच नेतो. सवय आहे.”

“आणि मलाही बघायचंय,” वैजू म्हणाली. “मी तेवढ्यासाठीच रजा टाकून आलेय.”

वैजयंती माझी एकुलती एक मुलगी. इचलकरंजीला शाळेत शिकवते. तिची आई, इंदू, जाऊन तेव्हा सहा महिने झाले होते. आणि इंदू त्या सिनेमात होती.

अगदी थोडी. मामा ज्या चार मुली बघतो त्यातली दुसरी. कोल्हापूरच्या स्टुडिओत शूटिंग होतं, आणि गल्लीतल्या मुलींना नेलं होतं तसं हिलाही नेलं. सतरा वर्षांची होती. पुढं दोन वर्षांनी आमचं लग्न झालं. त्या काळी आमच्यासारख्यांच्या घरी फोटो कोण काढतंय? इंदूचा लग्नाआधीचा एकही फोटो नव्हता. लग्नातला एक होता, तोही मान खाली घातलेला. ती तरुणपणी दिसायची कशी, हे फक्त त्या चौथ्या रिळात होतं, आणि ते जळालं होतं.

जळालं होतं असं मी सांगितलं होतं.

“देवस्थळीकाका,” वैजू खुर्ची पुढं ओढत म्हणाली, “सगळा सीन जळाला तरी कडेला चार-दोन चौकटी राहतातच ना? आईचा हात, पदर, काहीही. तेवढं मला एका कागदावर काढून द्याल?”

“एक चौकट सापडली तरी भिंतीएवढा फोटो करून देतो.”

“बघा, आण्णा.”

मी उठलो. “मी दूध घेऊन येतो.”

“दूध आहे.”

“मग जरा पडतो आत. डोकं धरलंय.”

“आत पाहुण्यांचं सामान आहे. इथंच बसा की. तुमच्याशिवाय त्यांना रिळं कोण सांगणार?”

बसलो.

पहिलं रीळ झालं. देवस्थळी एका हातानं मूठ फिरवत, दुसऱ्या हाताच्या बोटांमधून फिल्म जाऊ देत. जोड आला की थांबत, भिंग लावत आणि वहीत लिहीत. त्यांना बोलायची सवय होती. “हा जोड तुमचा का?” “हा पण?” “वा! हात काय साफ आहे.” मी नुसती मान हलवत होतो. दुसरं रीळ. तिसरं. तिसऱ्यात मामा पहिल्या घरी पोहे खातो आणि मुलगी ठेंगणी म्हणून उठतो. वैजू भिंगातून बघून हसत होती आणि मला सांगत होती, “आण्णा, मामांची टोपी बघा!” मला ती टोपी पाठ होती. माझी बनियन पाठीला चिकटली होती. कुणाला तरी फोन यावा, लाईट जावी, काहीही व्हावं असं मला वाटत होतं. काही झालं नाही.

त्यांनी चौथा डबा उघडला.

“आई हे काय मजेनं सांगायची,” वैजू त्यांना म्हणाली. “कुणी पाहुणे आले की हमखास. ‘आमच्या ह्यांनी माझा सिनेमा जाळला. बायकोला एवढं पेटवणारा नवरा दुसरा बघितलाय का?’ आणि मग आण्णांनी कान पकडायचे. दरवेळी. हो ना, आण्णा?”

“हो.”

तीस वर्षं मी पाहुण्यांपुढं कान पकडत होतो.

देवस्थळींचा हात थांबला. त्यांनी भिंग खाली आणलं. बराच वेळ बघितलं. मग फिल्म मागं घेतली, पुन्हा पुढं घेतली. वहीतला जुना कागद काढून बघितला.

“सेन्सॉरच्या कागदावर चौथं रीळ नऊशे चाळीस फूट आहे. हे आठशे ऐंशी भरतंय. साठ फूट नाहीत.” त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. ते फिल्मशीच बोलत होते. “कमाल आहे.”

“काय कमाल?” वैजू म्हणाली.

“नाही, म्हणजे... मशीनमध्ये फिल्म अडकली की कार्बनच्या दिव्याच्या उजेडानं जळते, बरोबर. पण जळून जळून किती? हातभर. कधी वीतभरच. ऑपरेटर लगेच दिव्यापुढचा पडदा पाडतो. आणि पब्लिक ओरडत असतं, म्हणून जोड घाईत दिलेला असतो. शेजारच्या चौकटीला फोड येतो, कड तपकिरी होते. इथं तसलं काही नाही. अगदी चौकटीच्या रेघेवर कापलंय. अलीकडं सीन सुरू व्हायच्या आधी, पलीकडं सीन संपल्यावर.” मग ते थोडंसं हसले. “आग एवढी हिशेबानं लागत नाही हो.”

बोलून गेल्यावर त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी भिंग टेबलावर ठेवलं.

वैजू माझ्याकडं बघत होती. तिची शाळेतली नजर मी कधी पाहिली नव्हती, ती त्या दिवशी पाहिली.

“आण्णा?”

“लोक शिट्ट्या मारायचे,” मी म्हणालो. “तंबूत. जत्रेतली गर्दी, दारू पिऊन आलेली माणसं. तुझी आई पडद्यावर आली की शिट्ट्या. कुणाला सहन होणार?”

“म्हणून कापलंत?”

“हो.”

“आईला सांगायचं होतं की मग. ती काय नको म्हणाली असती?”

देवस्थळी बिचारे अवघडले. माणूस चांगला होता, वातावरण हलकं करायला बघत होता. ते म्हणाले, “काका म्हणतात ते अगदी शक्य आहे. तो दुसऱ्या मुलीचा सीन त्या काळी गाजलेला होता. ते तिचं हसणं! मी जुन्या मासिकात वाचलंय. आणि ते हसू कसं आणलं माहितीये? त्या सगळ्या नव्या मुली. कॅमेरा बघून त्यांचं तोंड उघडेना. तेव्हा मामांचं काम करणारे हुदलीकर, ते स्वतः दिसणार नाहीत असा शॉट असला की कॅमेऱ्याच्या शेजारी जाऊन उभे राहायचे आणि ऐन वेळेला तोंडातली कवळी काढून मुलीला दाखवायचे. त्यांच्या असिस्टंटनं मला स्वतः सांगितलंय. ती दुसरी मुलगी एवढी हसली म्हणे, की दिग्दर्शकानं शॉट तोडलाच नाही.”

वैजूला हसू फुटलं. “कवळी?”

“कवळी. वरची.”

मी भिंतीला टेकलो. पंखा बंद, खिडक्या बंद. वैजूनं पाणी आणलं. मी प्यालो नाही. ग्लास हातात धरून बसलो.

“आण्णा, बरं वाटत नाही का?”

“शिट्ट्या नव्हत्या,” मी म्हणालो.

मी ग्लास खाली ठेवला.

“कुणी शिट्टी मारली नाही कधी. लोक तिच्या पाया पडायचे. गावोगावच्या बायका तंबूच्या मागं येऊन तिला बघून जायच्या, ‘सिनेमातल्या वहिनी’ म्हणून. पहिली सहा वर्षं ती माझ्याबरोबरच हिंडत होती. स्वयंपाक तंबूमागं, झोपणं तंबूमागं.” माझा आवाज मलाच परका वाटत होता. “ती हसायची ते बघितलंय मी. दोनशेवर वेळा बघितलंय. मशीनशेजारच्या भोकातून. ती मामा बसलाय तिकडं बघून हसत नाही. कॅमेऱ्याकडंही नाही. बाजूला बघते. तिथं कुणीतरी उभं आहे. आणि त्याला बघून जे हसते ना, वैजू, तसं ती माझ्याकडं बघून कधी हसली नाही. घरात नाही, लग्नात नाही, तू झालीस तेव्हाही नाही.”

“मग?”

“मग काय. रोज रात्री मशीन लावायचं आणि रोज बघायचं. कोण असेल? स्टुडिओतला कुणी? तो भाच्याचं काम करणारा पोरगा? दिसायला देखणा होता. डोकं फिरलं माझं. एका जत्रेत दुपारी ती नदीवर धुणं घेऊन गेली होती, तेव्हा कापलं.”

“आणि ती पट्टी?”

मी हे कुणालाही सांगितलं नव्हतं.

“तंबूभोवती पोरं जमायची. फिल्मचे तुकडे मागायची, उन्हात धरून बघायला. वाटून टाकली त्यांना. एकेकाला वीत-वीत. साठ फूट. घटकाभरात संपली.”

देवस्थळींनी डोळे मिटले. हळूच म्हणाले, “ती पोरं आता चाळिशीला आली असतील. कुणाच्या तरी घरी, कुठल्यातरी डब्यात...”

“काका, थांबा जरा,” वैजू म्हणाली. तिनं त्यांना हातानंच थांबवलं. माझ्याकडं वळली. “आईला एकदा विचारायचं होतंत. ‘कुणाकडं बघत होतीस?’ तीन शब्द. एवढंच.”

“विचारलं असतं आणि तिनं नाव सांगितलं असतं तर?”

“ती म्हणाली असती, म्हाताऱ्याची कवळी!”

“ते तुला आज कळलंय. मलाही आजच कळलं.”

ती रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, मी उठून तिच्या डोक्यावर हात ठेवला असता.

“तिला कळलं होतं का?” तिनं विचारलं.

याचा मी तीस वर्षं विचार करत होतो. “त्या रात्री मी सांगितलं, ‘तुझा तुकडा मशीनमध्ये जळाला.’ ती म्हणाली, ‘सगळा?’ मी म्हणालो, ‘सगळा.’ ती म्हणाली, ‘बरं झालं बाई, मेली दिसत होते कशी.’ आणि भाकरी थापायला लागली. सहा वर्षं तंबूत काढलेली बाई. किती जळतं आणि किती जळत नाही, हे तिला माहीत नव्हतं असं मी कसं म्हणू? दुसऱ्या दिवसापासून ती खेळाला बसली नाही. कुठल्याच. पुढच्या महिन्यात म्हणाली, ‘मी आता घरी राहते, मला हिंडणं झेपत नाही.’ तिला दिवस नव्हते, काही नव्हतं. तू पाच वर्षांनी झालीस.”

बाहेर दारावर मांजर नखं घासत होतं. कुणी उठलं नाही.

देवस्थळींनी मोजे काढले, घडी करून खिशात ठेवले. म्हणाले, “माळकरकाका, मी तशीच घेऊन जातो पेटी. साठ फूट नाहीत तर नाहीत. काय झालं हे मी कुठंही लिहिणार नाही.”

“लिहा,” मी म्हणालो. “जळालं म्हणून लिहू नका.”

वैजू उठली. मला वाटलं आता खिडकी उघडेल. ती स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा आवाज आला. ती एक ताट घेऊन आली, त्यात चार रिकाम्या बशा मांडलेल्या. ताट तिनं माझ्यापुढं धरलं.

“दोनशे वेळा बघितलंत म्हणालात.”

“जास्तच.”

“मग पाठ असेल.”

“वैजू, काहीतरीच काय...”

“दुसऱ्या कुणाकडं नाही ते, आण्णा. ना ह्यांच्याकडं, ना माझ्याकडं. फक्त तुमच्याकडं आहे. करून दाखवा.”

“पाहुण्यांसमोर?”

“पाहुण्यांसमोरच करायचं असतं ते. बघण्याचा कार्यक्रम आहे.”

बासष्ट वर्षांचा होतो मी. ताट हातात घेतलं. देवस्थळींना काय करावं कळेना, ते खुर्चीत ताठ बसले, मुलाकडच्या माणसासारखे.

मी स्वयंपाकघराच्या दारामागं गेलो. तिथून बाहेर आलो. आधी डावा पाय, कारण ती डावा टाकायची. उंबऱ्यावर थोडी अडखळायची, तसा अडखळलो. “डोक्यावरचा पदर इथं घसरतो,” मी म्हणालो, “पण दोन्ही हातांत ताट, म्हणून तिला सावरता येत नाही. मग ती मान अशी वाकडी करते.” मी मान वाकडी केली. “इथं मामा विचारतो, नाव काय?”

“नाव काय?” देवस्थळी म्हणाले.

“शेवंता.”

“पोहे कुणी केले?”

“मीच. मीठ राहिलंय.” हे ती अगदी खालच्या आवाजात म्हणायची, पण तंबूच्या शेवटच्या माणसाला ऐकू जायचं. “आणि मग अशी बाजूला बघते. आधी ओठ दाबते. खूप दाबते. इथं, गालाला, खळी पडते. नाक फुगतं. आणि मग...”

मग हसायचं होतं. मी तोंड उघडलं. माझ्या तोंडातून कसला तरी आवाज आला.

वैजू मान हलवत होती. “नाही. आई अशी नाही हसायची.”

“तेच तर सांगतोय तुला. तू बघितलेलं हसणं नव्हतं ते.”

“मग ते कसं होतं?”

“मोठं. खांदे हलायचे. ताट हलायचं.”

“पुन्हा करा.”

“नाही जमत गं.”

“जमेपर्यंत करा.” ती सरळ बसली. हात मांडीवर ठेवले. “मी बसलेय.”

मी वळलो. दारामागं जाताना बशा एकमेकींवर आपटून वाजू नयेत म्हणून दोन्ही अंगठे ताटाच्या आत घेऊन कडेच्या बशा दाबून धरल्या. इंदूनंही तशाच धरल्या होत्या, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.